अरण्यातला विद्यार्थी

ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्या प्रदेशातील अस्क गावाजवळ ८ जानेवारी १८२३ रोजी आल्फ्रेड रसेल वॉलेस याचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो आठवा. त्याचे वडील सुशिक्षित आणि सालस होते. पण व्यवहार त्यांना कधी साधला नाही. जवळचा पैसा फसलेल्या उद्योगांत बुडत गेला आणि घरात गरिबी आली. आल्फ्रेड पाच वर्षांचा असताना हे कुटुंब हार्टफर्ड गावी राहावयास आले. तेथील शाळेत तो शिकू लागला. शेवटच्या वर्षी तर लहान मुलांना शिकवून त्याने आपल्या शिक्षणाचा भार हलका केला. परंतु चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला शाळा कायमची सोडावी लागली. पुढे ज्याला मोठमोठ्या विद्वत्सभांनी गौरविले, त्याने महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही.

विल्यम हा त्याचा थोरला भाऊ जमीन-मोजणीचे काम करीत असे. आल्फ्रेड त्याच्या हाताखाली काम शिकू लागला. खांद्यावर साखळी टाकून दिवसभर डोंगर-दऱ्या तुडवायच्या आणि रात्री नकाशे काढावयाचे, असा त्याचा क्रम होता. या भटकंतीत पायांखालच्या लहानसहान वनस्पतींकडे त्याचे लक्ष जाऊ लागले. त्यांची नावे काय, त्यांची कुळे कोणती, हे सांगणारे कोणी जवळ नव्हते. तेव्हा त्याने वनस्पतींविषयीचे एक स्वस्त पुस्तक विकत घेतले आणि त्याच्या आधाराने तो झाडे ओळखू लागला. मोजणीच्या कामाने त्याला अचूकपणा शिकविला होता. जी वस्तू सापडली, ती नेमकी कोठे सापडली, याची नोंद ठेवण्याची सवय त्याला येथेच लागली. हीच सवय पुढे त्याच्या फार उपयोगी पडली.

इ. स. १८४४ मध्ये लेस्टर येथील एका शाळेत त्याला शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथे हेन्री वॉल्टर बेट्स या तरुणाशी त्याची मैत्री झाली. बेट्सला भुंगेरे जमविण्याचा छंद होता. एका साध्या गावाच्या आसपास हजारभर जातींचे भुंगेरे सापडू शकतात, हे त्याच्याकडून ऐकून वॉलेस चकित झाला. सृष्टीत इतक्या असंख्य जाती का असाव्यात? एक जात येथे आढळते, ती पलीकडे का नाही? नव्या जाती निर्माण होतात त्या कशा? या प्रश्नांनी त्याच्या मनात घर केले. ग्रंथालयात मिळतील ती प्रवासवर्णने दोघे मित्र वाचू लागले. ज्या प्रश्नांची उत्तरे पुस्तकांत नाहीत ती प्रत्यक्ष अरण्यात जाऊन शोधावी, असे त्यांनी ठरविले.

पण दूरदेशीच्या प्रवासाला पैसा कोठून आणावयाचा? त्यांनी एक मार्ग काढला. त्या काळी संग्रहालये व हौशी लोक परदेशांतील कीटक आणि पक्षी विकत घेत असत. सॅम्युअल स्टीव्हन्स नावाचा लंडनमधील गृहस्थ त्यांचे नमुने विकून देण्यास तयार झाला. त्या भरवशावर एप्रिल १८४८ मध्ये दोघांनी लिव्हरपूल बंदर सोडले, आणि मे महिन्याच्या अखेरीस ते दक्षिण अमेरिकेत, अॅमेझॉन नदीच्या मुखाजवळील पारा शहरी उतरले. वॉलेस तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

पहिल्या दर्शनाने त्याची थोडी निराशाच झाली. विषुववृत्ताजवळच्या अरण्यात जिकडेतिकडे रंगीबेरंगी फुले आणि पशुपक्षी दिसतील, अशी त्याची कल्पना होती. प्रत्यक्षात तेथे होता घनदाट काळोख. वृक्षांचे बुंधे खांबांसारखे सरळ वर गेलेले, त्यांच्यावर जाड वेलींचे पीळ पडलेले, आणि माथ्यावर पानांचे असे दाट छत की सूर्यकिरण जमिनीपर्यंत क्वचितच पोहोचत. फुले, फळे व पाखरे बहुतेक त्या छताच्या वर. हळूहळू त्याची दृष्टी तयार झाली. त्याच्या ध्यानात आले की, आपल्याकडच्या रानात एकाच जातीचे वृक्ष शेजारी शेजारी वाढतात. येथे मात्र एखादे झाड पाहून त्याच जातीचे दुसरे शोधू लागावे, तर पुष्कळ भटकावे लागते. जाती अगणित, पण प्रत्येक जातीची झाडे विखुरलेली, हा उष्ण प्रदेशातील पर्जन्यवनाचा मोठाच विशेष होय.

काही काळाने दोघा मित्रांनी वाटा वेगळ्या केल्या. वॉलेस रिओ नेग्रो या उपनदीने आत आत गेला. तेथील आदिवासी लोक त्याचे गुरू झाले. कोणता प्राणी नदीच्या कोणत्या काठी राहतो, हे त्यांना अचूक ठाऊक असे. त्यांच्याकडून ऐकून आणि स्वतः पाहून त्याने एक महत्त्वाची गोष्ट टिपली. नदीच्या एका काठी जी वानरे आढळतात, त्यांतील काही जाती दुसऱ्या काठी मुळीच आढळत नाहीत. अॅमेझॉनसारखी विशाल नदी त्यांना ओलांडता येत नाही. ती त्यांची सरहद्दच ठरते. मग ज्या नमुन्यावर केवळ अॅमेझॉन एवढेच लिहिले आहे, त्याचा अभ्यासाला काय उपयोग? काठ कोणता, हेही लिहिलेच पाहिजे. मोजणीदाराचा अचूकपणा असा कामी आला.

ही चार वर्षे सुखाची नव्हती. डासांनी व हिवतापाने त्याला जर्जर केले. १८४९ मध्ये हर्बर्ट हा त्याचा धाकटा भाऊ मदतीला आला होता. या जीवनात त्याचे मन रमले नाही. तो परत जाण्यासाठी पारा येथे आला असता पीतज्वराने आजारी पडला आणि १८५१ मध्ये, अवघ्या बावीस वर्षांच्या वयात, मरण पावला. वॉलेस तेव्हा शेकडो कोस दूर होता. भावाच्या अखेरच्या क्षणी त्याला जवळ असता आले नाही.

जुलै १८५२ मध्ये वॉलेस स्वदेशी निघाला. आपला मौल्यवान संग्रह त्याने हेलन या जहाजावर चढविला होता. सव्वीस दिवस प्रवास झाल्यावर, ६ ऑगस्ट रोजी जहाजाच्या पोटातून धूर येऊ लागला. मालात झाडांचा राळेसारखा ज्वालाग्राही चीक होता. त्याने पेट घेतला होता. कप्तानाने सर्वांना होड्यांत उतरण्याचा हुकूम दिला. वॉलेस धुराने भरलेल्या खोलीत शिरला. हाताला लागली ती पत्र्याची लहान पेटी, तिच्यात ताडवृक्षांची व माशांची काही चित्रे आणि थोड्या टिपणवह्या, एवढेच त्याने घेतले. उरलेला संग्रह त्याच्या डोळ्यांदेखत जळून गेला. त्यानंतर दहा दिवस ही माणसे भर समुद्रात उघड्या होड्यांतून पाणी उपशीत राहिली. अखेर एका जहाजाने त्यांना वाचविले. १ ऑक्टोबर रोजी वॉलेस इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्याजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही नव्हते.

पुन्हा समुद्रप्रवास करावयाचा नाही, असे त्याने वाटेत कितीदा तरी ठरविले होते. परंतु जमिनीला पाय लागल्यावर हा निश्चय फार दिवस टिकला नाही. दूरदर्शी स्टीव्हन्सने संग्रहाचा विमा उतरविला होता, म्हणून निर्वाहाची सोय झाली. वाचलेल्या टिपणांवरून व आठवणींवरून त्याने १८५३ मध्ये दोन पुस्तके प्रसिद्ध केली. एक अॅमेझॉनच्या प्रवासाचे व दुसरे तेथील ताडवृक्षांचे. आणि १८५४ च्या मार्चमध्ये तो पुन्हा निघाला, या वेळी पूर्वेकडे, मलाया व आसपासच्या द्वीपसमूहाकडे. सिंगापूर, मलेशिया आणि इंडोनेशिया हे आजचे देश याच प्रदेशात आहेत.

सिंगापूरच्या अरण्यातील त्याचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे. पहाटे साडेपाचला उठावे, स्नान व कॉफी आटोपून आदल्या दिवशीचे कीटक नीट लावावे. आठला न्याहारी, नऊला अरण्यात प्रवेश. दुपारी दोन-तीन वाजेपर्यंत हिंडून पन्नास-साठ भुंगेरे घेऊन परत यावे. मग पुन्हा स्नान, कीटकांना टाचण्या लावणे, जेवण, पुन्हा काम, आणि रात्री आठ-नऊपर्यंत वाचन. रानात वाघ होते. वाघांना पकडण्यासाठी खणलेले खोल खड्डे काटक्या व पानांनी झाकलेले असत. त्यांत पाय पडू नये म्हणून फार जपावे लागे. अशा स्थितीत सुमारे दोन महिन्यांत त्याने भुंगेऱ्यांच्या सातशे जाती मिळविल्या.

तेथून तो बोर्निओ बेटावरील सारवाक प्रांतात गेला. एका ठिकाणी कोळशाच्या खाणीसाठी जंगलतोड चालली होती. पडलेल्या झाडांच्या सालीखाली व कुजणाऱ्या लाकडांत भुंगेऱ्यांची वस्ती असते, हे त्याला ठाऊक होते. तेथील मजुरांना त्याने दर कीटकामागे एक सेंट देऊ केला. मग काय, कीटकांचा पाऊसच पडू लागला. एका दिवसात ७६ जाती मिळाल्या, त्यांपैकी ३४ त्याने पूर्वी पाहिलेल्याही नव्हत्या. बोर्निओत त्याने सुमारे दोन हजार जातींचे भुंगेरे जमविले आणि त्यांतील शंभर सोडून बाकी सर्व या जेमतेम एक चौरस मैलाच्या जागेतील होते.

पुढे एका डोंगरावरील बंगलीच्या पडवीत तो रात्री दिवा लावून बसे. पांढऱ्या भिंतीवर पतंग येत, ते तो पकडी. सव्वीस रात्रींत १,३८६ पतंग मिळाले. पण त्यांतील आठशेहून अधिक केवळ चार रात्रींचे होते. त्या चारही रात्री अंधाऱ्या व मुसळधार पावसाच्या होत्या. चांदण्या रात्री मात्र तो बहुधा रिकाम्या हातांनी उठे. नुसते पतंग पकडून तो थांबला नाही. कोणत्या रात्री किती आले हे त्याने लिहून ठेवले, म्हणूनच हवामान व पतंग यांचा संबंध त्याला दिसला.

याच अरण्यात त्याच्या हातून एक गोष्ट घडली. संग्रहासाठी त्याने ओरांगउटान जातीच्या एका मादीवर गोळी झाडली. ती झाडावरून पडल्यावर जवळच्या चिखलात तिचे सुमारे फूटभर लांबीचे पिल्लू पालथे पडलेले दिसले. वॉलेसने त्याला उचलले, तेव्हा त्या पिलाने त्याची दाढी घट्ट धरून ठेवली. त्याला अजून दात आले नव्हते आणि दूध मिळण्याची सोय नव्हती. वॉलेसने बाटलीच्या बुचात पिसाची नळी बसवून त्याला भाताची पेज पाजली, पेटीचा पाळणा केला, त्याला अंघोळ घातली. आईच्या केसांना धरून राहण्याची त्याची सवय पाहून त्याने म्हशीच्या कातड्याची एक खोटी आईही करून दिली. सोबतीला एक माकडाचे पिल्लू आणले. परंतु आईच्या दुधाची उणीव भरून निघाली नाही. जवळजवळ तीन महिने जगून ते पिल्लू गेले. वॉलेसला त्याचा चांगलाच लळा लागला होता. त्याला फार वाईट वाटले. नमुन्यासाठी प्राणी मारणे हा त्या काळच्या अभ्यासाचा रूढ मार्ग होता. आज प्राण्यांचा अभ्यास पुष्कळदा त्यांना न मारता केला जातो.

सारवाकमध्येच अली नावाचा एक मलायी तरुण त्याच्या नोकरीत आला. स्वयंपाकापासून पक्ष्यांची कातडी सोलून टिकविण्यापर्यंत सर्व कामे तो शिकला. वॉलेस तापाने पडला म्हणजे तो त्याची शुश्रूषा करी. पुढे बाचान बेटावर खांद्यांवर पांढऱ्या पिसांचे तुरे असलेला एक अपूर्व पक्षी सापडला, तो अलीने आणलेला होता. शास्त्रीय नावात वॉलेसचे नाव जोडले गेले. परंतु तो शोधणारी दृष्टी अलीची होती.

जून १८५६ मध्ये बाली बेटावरून वॉलेस लोंबोक बेटावर गेला. दोन्ही बेटे एकमेकांपासून दिसतात. मधली सामुद्रधुनी फारशी रुंद नाही. हवा सारखी, पाऊस सारखा. तरी लोंबोकवर पाऊल ठेवताच त्याला वेगळेच जग दिसले. बालीमध्ये तांबट व सुतारपक्षी होते, ते आशियातील पक्ष्यांचे भाईबंद. लोंबोकमध्ये पांढरे काकाकुवे व मधुभक्षी पक्षी दिसले, ते ऑस्ट्रेलियाकडचे. दोन खंडांच्या प्राणिसृष्टीची सीमा त्या चिंचोळ्या समुद्रातून जात होती. वॉलेसने विचार केला, तो असा : पश्चिमेकडील बेटांभोवती समुद्र उथळ आहे, म्हणजे ती एके काळी आशियाच्या भूमीला जोडलेली असली पाहिजेत, या सामुद्रधुनीचे पाणी मात्र खोल असून तिने दोन्हींकडच्या प्राण्यांना अलग ठेवले आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यामुळे त्याच्या तर्काला बळकटी आली आहे. ही सीमा वॉलेसरेषा या नावाने ओळखली जाते.

१८५७ साली तो आरू बेटांवर राहिला. कीटकांच्या दंशांनी पायांना जखमा होऊन त्याला कित्येक दिवस झोपडीतच पडून राहावे लागले. पण स्वर्गीय पक्षी म्हणून ओळखला जाणारा लाल-पांढरा, रेशमी पिसांचा चिमुकला पक्षी हाती आला, तेव्हा तो सर्व दुःख विसरला. त्याच वेळी त्याच्या मनात एक विचार आला. किती युगे हा पक्षी या निबिड अरण्यात जन्मत आला, त्याचे सौंदर्य पाहावयास कोणी नसतानाही! यावरून सृष्टीतील सर्व वस्तू काही माणसासाठी निर्माण झालेल्या नाहीत, हेच सिद्ध होते. आणि सुधारलेला मनुष्य येथवर पोहोचला, तर अरण्यातील जीवांचा मेळ बिघडवून तो याच पक्ष्याचा नाश करील, ही भीतीही त्याला वाटली.

फेब्रुवारी १८५८ मध्ये तो मोलुक्का बेटांत होता. हिवतापाने अंग थरथरत होते. पांघरुणात पडून विचार करण्याखेरीज दुसरे काही शक्य नव्हते. अनेक वर्षांपूर्वी वाचलेले माल्थसचे लोकसंख्येवरील पुस्तक त्याला आठवले. प्रत्येक प्राण्याला पुष्कळ पिले होतात. तरी त्यांची संख्या अमर्याद वाढत नाही, कारण बहुतेक लवकर मरतात. मग वाचतात कोण? ज्यांच्या अंगी परिस्थितीला अनुकूल असा काही लहानसा विशेष असतो, ते. तो विशेष त्यांच्या पिलांत उतरतो, आणि असंख्य पिढ्यांनंतर नवी जात तयार होते. वर्षानुवर्षे छळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला सापडले होते. ताप उतरताच दोन-तीन संध्याकाळी बसून त्याने निबंध लिहून काढला आणि टर्नाटे बेटावरून तो चार्ल्स डार्विन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाकडे पाठवून दिला.

निबंध वाचून डार्विन स्तंभित झाला. वीस वर्षे ज्या सिद्धान्तावर तो स्वतः काम करीत होता, पण जो त्याने प्रसिद्ध केला नव्हता, तोच समोर आला होता. डार्विनच्या मित्रांनी दोघांचेही लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचविले. वॉलेस हजारो मैल दूर होता. त्याची संमती विचारण्यास वेळ नव्हता. ही वार्ता कळल्यावर त्याला राग येणे अस्वाभाविक नव्हते. पण त्याने समाधानच मानले. पुढच्या वर्षी डार्विनचा ग्रंथ निघाला, तेव्हा तो वाचून त्याने मोकळ्या मनाने त्याची थोरवी मान्य केली. आयुष्यभर दोघे मित्र राहिले, आणि १८८९ मध्ये या सिद्धान्तावर जे पुस्तक त्याने लिहिले, त्याला नावही डार्विनचेच दिले.

१ एप्रिल १८६२ रोजी दोन जिवंत स्वर्गीय पक्षी घेऊन वॉलेस लंडनला परतला. आठ वर्षांत त्याने सुमारे १४,००० मैल प्रवास केला होता आणि १,२५,६६० नमुने जमविले होते. त्या प्रवासाचे त्याचे पुस्तक १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्याने डार्विनला अर्पण केले. त्याला कायमची नोकरी कधी मिळाली नाही. पैशाची ओढाताण चालूच होती. अखेर डार्विनने खटपट केल्यामुळे १८८१ मध्ये सरकारने त्याला वार्षिक निवृत्तिवेतन दिले. प्राण्यांच्या भौगोलिक वाटणीवर त्याने लिहिलेला मोठा ग्रंथ या विषयाचा पाया समजला जातो. १८७८ मध्ये त्याने आणखी एक इशारा दिला. कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात व श्रीलंकेत अरण्ये सरसकट तोडली, तर मुसळधार पावसाने माती वाहून जाईल, हवामान बिघडेल आणि देश दरिद्री होतील, असे त्याने लिहून ठेवले. त्या काळी हा विचार फार थोड्यांना सुचला होता.

७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, वॉलेसचा अंत झाला. शाळा त्याने चौदाव्या वर्षी सोडली, पण शिकणे कधी सोडले नाही. चार वर्षांचे श्रम समुद्रात जळून गेले, तरी तो पुन्हा अरण्यात गेला. एक भुंगेरा, एक पक्षी, एक झाड एवढेच पाहून त्याचे समाधान होत नसे. तो कोठे राहतो, काय खातो, शेजारी कोण आहे, हे तो विचारी. सजीव आणि त्यांचा परिसर यांचा संबंध अभ्यासणारे शास्त्र आज मोठ्या विद्यापीठांतून शिकविले जाते. वॉलेस मात्र ते शिकला पावसाने गळणाऱ्या झोपडीत, दिव्याच्या उजेडात, तापाने थरथरत्या हाताने टिपणे लिहीत.